कुठून आणलात?

करोनाच्या काळात माणूस आजारी पडला की पहिला प्रश्न "बरं आहे का?" हा नसायचा. पहिला प्रश्न असायचा, "कुठून आणलात?" ताप किती, ऑक्सिजन किती, खोकला कोरडा की ओला, हे सगळं त्यानंतर. आधी उगम. गोदावरीच्या उगमाचीही कुणी एवढी चौकशी केली नसेल.

या उत्तरावर तुमची पत ठरायची. आपल्या समाजाने करोनाची एक उतरंड लावून ठेवली होती. सगळ्यात वर डॉक्टर, नर्स, वॉर्डबॉय. त्यांना झाला तर लोक हात जोडत. थाळ्या तर २२ मार्च २०२० लाच वाजवून झाल्या होत्या. त्यांच्याखाली पोलीस, सफाई कर्मचारी, बँकेतले कॅशियर. मग भाजी आणि किराणा आणायला गेलेले. इथवर सगळं सोज्वळ. "बिचारे घरच्यांसाठी बाहेर पडले हो," असं म्हणून शेजारी दाराबाहेर डबा ठेवत. त्याखाली लग्नाला गेलेले, आणि इथून प्रकरण घसरायला लागे. सख्ख्या भाचीचं लग्न असेल तर माफी. नवऱ्याच्या ऑफिसातल्या कुणाच्या पुतण्याचं असेल तर "काय अडलं होतं?" अंत्ययात्रेला जाऊन आणला तर तोंडावर कुणी काही बोलत नसे. फक्त परवानगी वीसच माणसांची असताना हे कसे काय त्या विसांत बसले, याचा हिशोब मात्र मनातल्या मनात होई.

आणि सगळ्यात तळाशी, थेट जमिनीला टेकून, सहलीला जाऊन आजार आणणारे. यांना डबा नाही, कणव नाही. ताप तोच, अंगदुखी तीच, पण ती समुद्राकाठी सुरू झाली असेल तर सगळं पुण्य वाया. आपल्याकडे आजाराचं कुणाला फारसं वावडं नाही. वावडं आहे ते मजेचं. मजा करून पुन्हा आजारी पडणं म्हणजे दोन्हीकडून खाणं झालं.

तसं पाहिलं तर सुट्टीत आजारी पडणं ही काही करोनाची देणगी नव्हे. नेदरलँड्सच्या टिलबर्ग विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ आड फिंगरहूट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली यावर चक्क एक शोधनिबंध लिहिला. कामाच्या दिवसांत ठणठणीत असणारी काही माणसं शनिवार-रविवारी किंवा सुट्टीवर गेली की डोकेदुखी, अंगदुखी, सर्दी-तापाने आडवी होतात. त्यांच्या पाहणीत साधारण तीन टक्के लोकांनी आपल्याला हा त्रास असल्याचं सांगितलं. उरलेल्या सत्त्याण्णव टक्क्यांनी बहुधा साहेबाच्या भीतीने खरं सांगितलं नसावं. कामाचा ताण असतो तोवर शरीर नेटाने उभं राहतं आणि ताण उतरला की अंग टाकतं, अशी याची एक मीमांसा आहे. आमच्या घरात हे शास्त्र हॉलंडच्या आधीपासून ठाऊक होतं. माझे सासरे नोकरीत होते तोवर त्यांना ताप फक्त दिवाळीत यायचा, कारण एरवी रजाच मिळायची नाही.

महामारीने या शास्त्राला जगभर झळाळी आणली. ऑस्ट्रियाच्या टिरोल भागात इशग्ल नावाचं बर्फावर घसरायला जाणाऱ्यांचं गाव आहे. मार्च २०२० मध्ये युरोपभरचे हौशी लोक दिवसा तिथे बर्फावर आणि संध्याकाळी बारमध्ये घसरत होते. आपली माणसं तिथून आजार घेऊन येताहेत हे आइसलँडने ओळखलं, इशारा दिला, तरी मैफल आणखी काही दिवस चालू राहिली. नंतर त्या गावातल्या लोकांचं रक्त तपासलं तेव्हा शंभरातल्या बेचाळीसजणांत प्रतिपिंडं सापडली. इशग्लच्या त्या मैफलीच्या महिनाभर आधी जपानच्या योकोहामा बंदरात 'डायमंड प्रिन्सेस' ही जंगी प्रवासी बोट ३,७११ माणसांसकट अडकून पडली होती. त्यातल्या ७१२ जणांना लागण झाली. प्रवासी खोलीत बंद होते, आणि त्यांना तिथे जेवण पोचवणाऱ्या कर्मचाऱ्यांत शंभरावर भारतीय होते. त्यांची सहलही नव्हती आणि सुट्टीही नव्हती, तरी आजाराच्या यादीत त्यांचीही नावं आली. उतरंडीत त्यांना कुठे बसवायचं हे कुणी ठरवलेलं नव्हतं.

आपणही मागे नव्हतो. जानेवारी २०२२ च्या पहिल्याच आठवड्यात, नवं वर्ष साजरं करायला मुंबईहून गोव्याला गेलेल्या एका क्रूझवर दोनेक हजार माणसांत ६६ जण पॉझिटिव्ह निघाले आणि बोट आली तशी मुंबईला परत गेली. टीव्हीवर ती बातमी सुरू असताना आमच्या घरात "हौस नडली" असा एकमुखी निकाल लागला. निकाल देणारे सगळेजण त्या वेळी बॅगा भरत होते.

आमचं गुहागरचं ठरलं तेव्हा दिवाळी नुकतीच झाली होती, रुग्णांचे आकडे उतरले होते आणि मोठ्या माणसांचे दोन-दोन डोस झाले होते. धाकट्या भावजींनी सगळ्यांच्या प्रमाणपत्रांना लॅमिनेशन करून आणलं होतं. लॅमिनेशनमधून विषाणू आत शिरत नाही याची त्यांना जवळजवळ खात्री होती. मग नोव्हेंबर सरता सरता ओमायक्रॉनचं बारसं झालं आणि जानेवारीत मुंबईत एका दिवसाला वीस हजारांवर रुग्ण सापडायला लागले. घरात बैठक बसली. जाऊबाई म्हणाल्या, नको जायला. माझा नवरा म्हणाला, हा सौम्य प्रकार आहे, पेपरात आलंय. आत्येसासूबाईंनी दोघांचं ऐकून घेतलं आणि विचारलं, "सौम्य असो नाहीतर उग्र, आगाऊ भरलेले पैसे परत मिळणार आहेत का?" मिळणार नव्हते. पुण्यात चर्चा इथे संपते.

उंब्रज, पाटण, कोयनानगर करत आम्ही कुंभार्ली घाटाला लागलो. घाटात पुतण्याला उलटी झाली, तेव्हा हे दुखणं नसून वळणं आहेत असा सगळ्यांनी एकदिलाने निर्वाळा दिला. पुढच्या दिवसांत एवढी एकजूट पुन्हा दिसली नाही.

गुहागर ज्यांनी पाहिलंय त्यांना तिथली ठेवण माहीत असेल. रस्त्याच्या कडेने ओळीने घरं, समुद्राच्या बाजूच्या घरांमागे नारळी-पोफळीचं आगर, आगर संपलं की सुरूची झाडं, आणि पुढे लांबच लांब वाळू. आमची घरगुती राहण्याची-जेवणाची सोय अशाच एका घरात होती. मालकांना आम्ही पहिल्यापासून काका म्हणायला लागलो. आत्येसासूबाईंनी चहा संपायच्या आत त्यांच्या मावसबहिणीची नणंद आमच्या घराण्यात दिलेली असल्याचं शोधून काढलं. कोकणात गेल्यावर पुणेकर आधी नातं काढतो आणि मग दर कमी करून मागतो. नातं निघालं. दर होता तिथेच राहिला.

त्या संध्याकाळी सगळे किनाऱ्यावर गेलो. नवऱ्याने हात पसरून, तोंड समुद्राकडे करून फोटो काढून घेतला आणि स्टेटसला टाकला. खाली ओळ लिहिली, 'अखेर मोकळा श्वास'. नाक बंद झाल्यावर हा फोटो काढून टाकावा का, यावर घरात बराच खल झाला. पण तोवर सगळ्या नातेवाइकांचे अंगठे पडले होते आणि फोटो काढला असता तर संशय वाढला असता.

सुरुवात मोदकांच्या जेवणाला झाली. इथे आमच्या आत्येसासूबाईंच्या खोकल्याविषयी सांगायला हवं. तो खोकला जुना आहे, थोरल्या चुलत दिरांच्या मुंजीत धरलेला. त्याला घरात मान आहे. पाहुणे आले की त्यांच्यासमोर तो येतो, बसतो, आपलं म्हणणं मांडतो आणि जातो. करोनाच्या ऐन भरात लिफ्टमध्ये आत्येसासूबाई खोकल्या की आमच्या सोसायटीतले जुने लोक "त्यांचा तो आहेच" म्हणत आणि नवे लोक पुढच्या मजल्यावर उतरत. तर त्या दिवशी पानात तूप पडत असताना खोकल्याचा आवाज आला आणि सवयीने कुणी मान वर केली नाही. मग लक्षात आलं, आत्येसासूबाईंच्या तोंडात घास आहे. आवाज भावजींच्या पानावरून आला होता. कोरडा, आखूड, नवा कोरा.

"ठसका लागला," भावजी म्हणाले.

"मोदकाचा?" जाऊबाईंनी विचारलं.

इथून आमच्या घरात ठसक्याचं युग सुरू झालं. कुणालाही खोकला येत नव्हता, सगळ्यांना ठसकाच लागत होता. पंपाचा आवाज सुरू झाला की त्या आडोशाने दोघं-तिघं घसा मोकळा करून घेत. न्हाणीघरात बादलीत पाणी सोडल्याशिवाय कुणी जात नव्हतं. दुसरीकडे बघत, तोंड मिटून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत खोकला गिळण्याची विद्या सगळ्यांनी तेवढ्यात हस्तगत केली. संध्याकाळी किनाऱ्यावर आमच्या घरातली तीन माणसं एकमेकांपासून लांब, तीन दिशांना तोंडं करून लाटांचा आनंद घेत उभी होती. लाट फुटली की त्यांचे खांदे हलत.

कारणं मात्र मुबलक होती. पाणी बदललं. खारा वारा लागला. सोलकढी रात्री घ्यायची नसते. नारळपाणी अनशापोटी घेतलं. गाडीतल्या एसीचं तोंड थेट छातीवर होतं. घाटातली धूळ. जाऊबाईंच्या मते दृष्ट, कारण तो मोकळ्या श्वासाचा फोटो बायकोकडच्या मंडळींनीसुद्धा पाहिला होता. आत्येसासूबाईंनी लगोलग मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. जे कारण पेपरात रोज पहिल्या पानावर होतं ते सोडून आमच्याकडे सगळी कारणं होती.

शेवटी जाऊबाईंनी पर्सच्या चोरकप्प्यातून घरच्या घरी करायची चाचणी काढली. आपल्या देशात अशा चाचणीला पहिली परवानगी मे २०२१ मध्ये मिळाली, किंमत २५० रुपये, आणि ती काढणारी कंपनी पुण्याची. हे शेवटचं कळल्यावर आत्येसासूबाईंचा तिच्यावर विश्वास बसला. नाकात काडी फिरवायची, ती नळीतल्या द्रवात घोळवायची, थेंब पट्टीवर टाकायचे आणि पंधरा मिनिटं थांबायचं. एक रेघ आली तर सुटलो, दोन आल्या तर अडकलो. दोन रेघांचा पूर्वानुभव घरातल्या बायकांनाच असल्यामुळे वाचनाचं काम जाऊबाईंकडे आणि माझ्याकडे आलं. भावजींच्या पट्टीवर एक रेघ ठसठशीत उमटली आणि दुसरी पुसट. मग त्या पुसट रेघेवरून खल सुरू झाला. विजेरी आणली गेली. पुतण्याने मोबाइलवर फोटो मोठा करून पाहिला. माझा नवरा म्हणाला, "सावली असेल." आत्येसासूबाई ओटीवरून ओरडल्या, "रेघ आहे की नाही ते सांगा. पुसट गरोदर असतं का कुणी?"

नियम त्यांच्याच बाजूने होता. पुसट का असेना, दुसरी रेघ आली की पॉझिटिव्ह, फेरतपासणीची गरज नाही. मग एकेकाने काडी नाकात घातली. माझा नवरा पॉझिटिव्ह. मी पॉझिटिव्ह. जाऊबाई आणि मुलं निगेटिव्ह. आणि आत्येसासूबाई, ज्यांचा खोकला त्या घरात सगळ्यात मोठ्याने ऐकू येत होता, त्या निगेटिव्ह. हा निकाल त्यांनी मानाने स्वीकारला. "माझ्या खोकल्याला नावं ठेवत होतात," एवढंच म्हणाल्या आणि आणखी एकदा खोकल्या.

आता काकांना सांगणं आलं. आत माजघरात त्यांचे नव्वदीचे वडील झोपून असायचे. माझ्या नवऱ्याने खळ्याच्या पार टोकाला उभं राहून, मास्कवर रुमाल बांधून बातमी सांगितली. काकांनी ओटीवरचा मास्क तोंडाला लावला, दोन पावलं मागे सरले आणि विचारलं, "कोण कोण?"

कुठून, असं त्यांनी विचारलं नाही. ते विचारून झालेलं होतं. ज्यांना २०२० चा गणपती आठवत असेल त्यांना हे कळेल. मुंबईच्या चाकरमान्यांनी कोकणात यावं की नाही, यावरून त्या वर्षी केवढं रण माजलं होतं. ई-पास लागत होता. चौदा दिवसांचं विलगीकरण दहा दिवसांवर आणलं गेलं. १२ ऑगस्टच्या आत पोचा, नंतर निघणार असाल तर चाचणी करून या, असं फर्मान निघालं. गणपती २२ तारखेला बसणार होते. गावोगाव शाळांच्या खोल्यांत, पडव्यांत, गोठ्याच्या माळ्यांवर मुंबईकर येऊन राहिले. काकांचे सख्खे थोरले भाऊ डोंबिवलीहून आले आणि ज्या घरात जन्मले त्या घराच्या मागच्या खोलीत पाहुण्यासारखे दहा दिवस बसून होते. भावाभावांत जे बोलायचं नव्हतं ते तेव्हा बोलून झालं, आणि गौरींच्या जेवणाला मिटलंही. त्याच्याही आधी, १८९६ च्या प्लेगात मुंबईतून लाखो माणसं बाहेर पडली, त्यातली कितीतरी कोकणात आली. मुंबईचं दुखणं आणि कोकणचा पाहुणचार यांची ओळख जुनी आहे. पुण्याचं दुखणं त्यात नवीन.

"आगराकडच्या दोन खोल्यांत राहा," काका म्हणाले. "ताटं स्टुलावर ठेवू. आपली भांडी आपण घासायची. वडिलांच्या वाऱ्याला उभं राहायचं नाही." त्यांनी हे इतक्या सरावाने सांगितलं की दरपत्रकात ही सोय छापलेलीच असावी असं वाटलं.

थोड्या वेळाने आशाताई आल्या. हातात वही, पिशवीत ऑक्सिमीटर आणि पॅरासिटामॉलच्या पट्ट्या. त्यांनी प्रत्येकाच्या बोटाला यंत्र लावलं, आकडा चौऱ्याण्णवच्या खाली गेला तर लगेच फोन करायला सांगितलं आणि नावं लिहून घेतली. वहीत एक रकाना 'कुठून आलात' असा होता, पण तो सरकारी होता, त्यात टोमणा नव्हता. नवीन नियम नुकताच आला होता: चाचणीपासून सात दिवस, शेवटचे तीन दिवस ताप नको, मग मोकळे. निगेटिव्हवाल्यांनीही आवाराबाहेर जायचं नाही, हेही त्यांनी बजावलं. आत्येसासूबाईंनी आपण निकट संपर्कात मोडत नाही असा युक्तिवाद केला. मोडत होत्या.

आजाराचं म्हणाल तर तो खरंच सौम्य निघाला. दोन दिवस ताप, घशात काटे, अंग ठेचून काढल्यासारखं. लस झालेली होती आणि नशीबही होतं. आदल्याच एप्रिल-मेमध्ये आमच्या ओळखीतली माणसं खाट मिळावी म्हणून कुठे कुठे फिरली होती, त्यामुळे कण्हताना आमचा आवाज आपोआप खाली यायचा. काकू रोज सुंठ, मिरी, तुळस आणि गवती चहाचा काढा पाठवत. तो इतका जहाल होता की पहिल्या घोटाला विषाणू जायचा आणि दुसऱ्याला चव. जेवायला गुरगुट्या भात, कुळथाचं पिठलं, आमसुलाचं सार, भाजलेला पापड. हालअपेष्टा झाल्या त्या निगेटिव्हवाल्यांच्या. आम्हाला निदान ताप होता, त्यांना काहीच नव्हतं. जाऊबाई दिवसभर दोन पोरं आणि एक आत्येसासूबाई यांना आवरत आणि आमच्या खिडकीशी येऊन म्हणत, "तुमचं बरं आहे."

आता राहिले फोन. माझ्या आईने "कुठून आणलात?" विचारलं आणि उत्तर आधीच ठाऊक असल्यामुळे रडायला लागली. नणंदबाईंनी "आम्ही बाई कुठेच जात नाही" असं स्वतःविषयीचं एक वाक्य सांगून फोन ठेवला. सगळ्यांना बातमी देऊनही एक मामा उरलेच होते. त्यांनी कुणालाच काही न विचारता कुटुंबाच्या गटावर मोकळ्या श्वासाचा तोच फोटो टाकला आणि खाली फक्त हात जोडले.

नवऱ्याच्या ऑफिसात वेगळाच पेच पडला. सुट्टीवर असताना माणूस आजारी पडला तर ती रजा आजारपणाची धरायची की हक्काची? साहेबांचं म्हणणं, सुट्टीत आजारी पडणं हा ज्याचा-त्याचा वैयक्तिक प्रश्न. यावर तोडगा निघाला तो असा की, ताप उतरल्यावर त्याने तिथूनच काम करावं. नेटवर्क फक्त विहिरीपाशी यायचं. विहिरीच्या कठड्यावर लॅपटॉप ठेवून तो मीटिंगला बसला. मागे नारळी, पलीकडे समुद्राची निळी रेघ. साहेब म्हणाले, "ते खोटं बॅकग्राउंड काढा हो, किती दिवस लोकांनी तेच लावायचं?" त्याने निमूटपणे खरा समुद्र झाकला आणि मागे पुस्तकांच्या कपाटाचं खोटं चित्र लावलं. मीटिंग सुरळीत पार पडली. मध्येच त्या कपाटातून एक कोंबडा ओरडला, त्याची नोंद कुणी घेतली नाही.

या सगळ्या बेअब्रूवर उपाय काढला आत्येसासूबाईंनी. गुहागरला व्याडेश्वराचं देऊळ आहे, आणि पुष्कळ चित्तपावन घराण्यांचं ते कुलदैवत. आमचंही. एका सकाळी त्यांनी आगराच्या बेड्याशी उभं राहून दोन्ही खिडक्यांना ऐकू जाईल असं जाहीर केलं, "आपण सहलीला आलेलो नाही. कुलदैवताला आलोय."

सगळ्यांच्या अंगात जीव आला. हे कुणाला सुचलंच नव्हतं! सहल तळाशी, पण देवदर्शन कितीतरी वरच्या पायरीवर, जवळजवळ बँकेच्या कॅशियरशेजारी. फक्त एक अडचण होती. आल्यापासून देवळाची पायरी कुणी चढलं नव्हतं. आधी समुद्र होता, मग मोदक होते, मग ताप. आणि आता आवाराबाहेर जायची बंदी होती. तेव्हा आत्येसासूबाईंनी देवळाच्या दिशेला तोंड करून सगळ्यांना नमस्कार करायला लावला, आणि त्यानंतरच फोनवर नवी हकिकत सांगायची परवानगी दिली. हकिकत अशी: बऱ्याच वर्षांचं राहिलेलं कुलदैवताचं दर्शन, तेवढ्यासाठी आलो, आणि हे झालं. माझ्या आईचं रडणं थांबलं. नणंदबाईंनी अंगारा आणायला सांगितला. मामांनी पुन्हा हात जोडले, पण या खेपेला ते देवाला असावेत.

मुदत संपली त्या दिवशी आम्ही सगळे देवळात गेलो. मास्क लावून, अंतर ठेवून, अभिषेकाची पावती फाडली आणि ती सांभाळून ठेवली. ती कुणीकुणी मागून पाहिलीही.

निघताना हिशोबाचा प्रसंग आला. राज्यात दरम्यान पुन्हा निर्बंध लागले होते, काकांकडे येणारी पुढची मंडळी रद्द झाली होती, त्यामुळे आमच्या मुक्कामाने त्यांचं एकही बुकिंग बुडालं नव्हतं. "खोल्यांचं राहू दे," काका म्हणाले, "जेवणाचे तेवढे द्या." नवरा म्हणाला, छे छे. काका म्हणाले, अहो नातं आहे. ज्या नात्याने आम्ही दर कमी करून मागितला होता ते नातं असं उलटं येऊन अंगावर पडलं. दोघांचंही आर्जव वाढत वाढत भांडणाच्या सुरात गेलं. आत्येसासूबाईंनी पाकीट नवऱ्याच्या हातातून घेतलं, पूर्ण रक्कम मोजली, वर काढ्याचे म्हणून वेगळे पैसे काकूंच्या हातात दिले आणि म्हणाल्या, "मावसबहिणीच्या नणंदेला एवढ्या लांब ओढू नका." इतक्या वर्षांत त्यांना आकारलेल्यापेक्षा जास्त पैसे देताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

पुण्यात सोसायटीच्या फाटकावर चेअरमन उभेच होते. आम्ही काच खाली करायच्या आत आत्येसासूबाईंनी "कुलदैवताला गेलो होतो" असं सांगून टाकलं. त्यांनी मान हलवली, आणि संध्याकाळी खरंच शेजारून मसालेभाताचा डबा आला. सगळं बिनबोभाट पार पडलं असतं. पण पुतण्याने दरम्यान किनाऱ्यावरचे आपले सगळे फोटो एकदम टाकले. डबा परत द्यायला गेले तेव्हा शेजारच्या काकू एवढंच म्हणाल्या, "तुमच्या कुलदैवताला क्रिकेटपण खेळतात वाटतं?"

जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ ला करोनाची जागतिक आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं. त्याच्याही आधी लोक सहलीला निघाले होते आणि आता तर सर्दी घेऊन आलेल्या माणसाला कुणी काही विचारतही नाही. गुहागरच्या काकांकडे मे महिन्याच्या खोल्या होळीच्या आधीच भरतात. जाणार असाल तर लवकर फोन करा, आणि घसा खवखवत असेल तर तेही फोनवरच सांगून टाका. आगराकडच्या खोल्या देतात. भाडं मात्र पूर्ण द्या, आणि व्याडेश्वराला पहिल्याच दिवशी जाऊन या.